शेवाळटाक्याची फळी

राजांची नावं लिहून ठेवायची कुणाला गरज वाटत नव्हती, इतक्या जुन्या काळी समुद्रकाठच्या एका राज्यात गिरजा नावाची बाई राहत होती. पंधरा दिवस तिला धड झोप नव्हती. चिंता म्हणाल तर दोन बोटांची. एक फळी दोन बोटं वर हवी की दोन बोटं खाली, हे तिला ठरवता येत नव्हतं.

लहानथोर ऐकणाऱ्यांनो, फळीपायी कुणी झोप घालवतं का, असं तुम्ही म्हणाल. तर आधी फळी कुठली ते ऐका.

राजवाड्याच्या मागे खाऱ्या पाण्याचा एक हौद होता. त्यात जिवंत पोवळी वाढत होती. काही जांभळी, काही केशरी, काही हळदीसारखी पिवळी. त्यांच्यातून मासे फिरत. हौदाचं पाणी ओसंडून खालच्या गाळाच्या टाक्यात उतरायचं आणि जड घाण तिथे तळाला बसायची. पुढे पाण्याला दोन वाटा होत्या. एक सरळ रहाटाकडे. रहाट पाणी पुन्हा हौदात चढवायचा. दुसरी वाट शेवाळटाक्यातून वळसा घेऊन रहाटाकडे यायची. पाण्यात विरघळलेली, डोळ्यांना न दिसणारी घाण ते शेवाळ खायचं. शेवाळाच्या आडोशाने जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वाढायचा, आणि पाण्याबरोबर थोडा थोडा वर जाऊन पोवळ्यांचं नि माशांचं पोट भरायचा.

कुठल्या वाटेने किती पाणी जायचं, ते ही फळी ठरवायची. ती वर उचलली की शेवाळटाक्यात पाणी धावायचं, शेवाळ उपटून यायचं, जवळा एकदम वाहून जायचा. खाली दाबली की पाणी साचायचं, कुजायचं, वास सुटायचा.

गिरजाच्या सासूने तीस वर्षं हे काम केलं. ती वारली आणि काम सुनेकडे आलं. नवरा गलबतावर, वर्षातून दोनदा घरी. कामाबरोबर हौदामागची खोली मिळाली होती. तिथे गिरजा आणि तिची पाच वर्षांची तानू राहत.

सासूला अक्षर येत नव्हतं. गिरजा शिकलेली, म्हणून तिने हौदाची पोथी काढून वाचली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘पाणी खेळते ठेवावे.’ नवव्या पानावर लिहिलं होतं, ‘पाणी संथ ठेवावे.’ हस्ताक्षर एकच होतं, आणि लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलेलं दिसत नव्हतं.

मग गिरजाने दोन्ही पाळायचं ठरवलं. फळीला एक भोक होतं. त्यात हातभर लांबीचा शिसवी दांडा घालून ती सरकवता यायची. सकाळी शेवाळ जास्त हललेलं दिसलं की ती फळी खाली करायची. दुपारी वास आल्यासारखा वाटला की वर करायची. वास खरंच येतो की आपल्यालाच येतो, हे कळेना, म्हणून ती तानूला हाक मारायची.

“तानू, वास येतोय का गं?”

“कसला?”

“घाण.”

“आधी तू सांग ना.”

मग गिरजा फळी आणखी बोटभर सरकवायची. सरकवायला काही नसलं की तानूला पुढ्यात बसवून तिची वेणी सोडायची आणि पुन्हा घालायची.

पोवळी मिटायला लागली. त्यांच्या कडा पांढऱ्या पडल्या. एक दिवस कारभारी आले आणि हौदात वाकून बराच वेळ बघत राहिले.

“बाई, तुमच्या सासूबाईंच्या वेळी असं नव्हतं.”

“नाही.”

“मग आता काय झालं?”

“मी आले,” गिरजा म्हणाली.

कारभारी हसले नाहीत. “नारळी पौर्णिमेला राणीसाहेब हौदाची ओटी भरतात. तोवर सुधारला तर ठीक. नाहीतर बुजवून मोगरा लावू. मग खोलीचंही बघावं लागेल.”

पौर्णिमेला बारा दिवस होते. त्या दिवशी गिरजाने फळी पाच वेळा हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दांडा जागेवर नव्हता.

तिने खोली झाडली, टाक्याचा तळ चाचपला, चुलीमागची लाकडं उपसली. बांबू घालून बघितला, तो मोडला. सुतार मेव्हणीच्या लग्नाला गेलेला, पौर्णिमेनंतर येणार. रहाटाचा बैल हाकणारे म्हातारे भिकाजीतात्या तेवढे जवळ होते.

“तात्या, तुम्ही ओढून बघता का?”

“आधी फळी बघ, मग माझी पाठ बघ,” तात्या म्हणाले.

पाण्याने फुगलेली फळी जिथे होती तिथेच राहिली. गिरजा रोज तिच्याजवळ जाऊन उभी राहायची आणि परत यायची. तानूची वेणी त्या दिवसांत फार घट्ट बसायची.

सहाव्या दिवशी अंथरूण उन्हात टाकताना गोधडीच्या घडीतून जुन्या खणात गुंडाळलेलं काहीतरी पडलं. दांडा होता. त्याला काजळाचे दोन डोळे काढले होते.

“हे काय?” गिरजाने विचारलं.

“माझी बाळी,” तानू म्हणाली. “तू तिला सारखी हलवायचीस. तिला झोप येईना.”

गिरजाला रागवायचं होतं, पण तेवढा वेळ नव्हता. ती खणासकट दांडा घेऊन फळीकडे धावली आणि तो भोकात घातला. तात्यांनी बैल थांबवला.

“कुठे सरकवतेस?”

“खाली. नाही, वर. तात्या, सासूबाई कुठे ठेवायच्या?”

“ती बघ दगडावर त्यांची रेघ. आत्ता फळी तिच्या दोन बोटं वर आहे.”

“म्हणजे चुकलीच की.”

“त्यांच्या आधीच्या बाईंची रेघ बघ. ती आणखी वर आहे. पोवळी दोघींच्याही वेळी फुलत होती.”

गिरजाने दोन्ही रेघा पाहिल्या. फळी दोन्हींच्या मधे होती.

“तू शिकलेली आहेस,” तात्या म्हणाले. “मला एक सांग. पाण्याचं तू काय काय करतेस?”

“भरते. गाळते. तापवते. उपसते.”

“आणि निवळतेस?”

गिरजाने ते मनात म्हणून बघितलं. मी पाणी भरते. मी पाणी गाळते. मी पाणी निवळते. शेवटचं जिभेवर बसेना.

“पाणी निवळतं,” ती म्हणाली.

“मग काम कुणाचं?”

“पाण्याचं.”

“आणि तुझं?”

गिरजाने वाकून टाक्यातलं शेवाळ बघितलं. शेवाळाला मूळ धरायला आठ-नऊ दिवस लागतात. जवळ्याची पिल्लं दिसायला दहा दिवस जातात. हे तिला ठाऊक होतं, पोथीत अकराव्या पानावर होतं. दांडा हरवेपर्यंत तिने दोघांनाही कधी अर्धा दिवससुद्धा दिला नव्हता. पाणी खेळतं आणि संथ, दोन्ही एका जागी होणार होतं. फक्त त्या जागेवर फळी थांबायला हवी होती.

तिने दांडा काढला, खणात पुन्हा गुंडाळला आणि तानूच्या हातात दिला.

“उठली तर मला सांग,” ती म्हणाली.

उरलेले दिवस तिला फार जड गेले. दोनदा ती तानूकडे जाऊन “उठली का?” असं विचारून आली. तानू दोन्ही वेळा नाही म्हणाली. नवव्या दिवशी शेवाळ दगडाला धरून डुलताना दिसलं. दहाव्या दिवशी त्यात जवळ्याची पिल्लं तिळासारखी हलत होती. अकराव्या दिवशी वास येत नव्हता, आणि या वेळी गिरजाने कुणाला विचारलं नाही.

पौर्णिमेला राणीसाहेब नारळ आणि खण घेऊन आल्या, तेव्हा केशरी पोवळी उमलली होती. जांभळी अर्धी मिटलेली होती, पण कडांना रंग परतत होता. राणीसाहेब हौदाच्या काठावर बराच वेळ बसून राहिल्या.

कारभाऱ्यांनी गिरजाला बाजूला घेतलं. “काय उपाय केलात?”

“फळी एका जागी ठेवली.”

“कुठल्या जागी?”

“अडकली होती तिथे.”

कारभाऱ्यांनी ‘विशेष उपाय’ एवढंच लिहून घेतलं. हौद राहिला, खोलीही राहिली. गिरजाने फळीशेजारच्या दगडावर आपली तिसरी रेघ काढली.

संध्याकाळी ती तानूला पुढ्यात घेऊन बसली. वेणी सोडता सोडता तिने लेकीला सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांनो, तेच तुम्हीही लक्षात ठेवा: विचार करून लावलेल्या गोष्टीला तिचे दिवस द्यावेत, सारखी हलवली तर ती कधीच निवळत नाही.

तानूने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग माझी सकाळचीच वेणी राहू दे.”