छिन्नीचे डोके

फार जुन्या काळी, कोणत्या राजाच्या राज्यात ते आता सांगता येत नाही, एका तळ्याच्या बांधाखाली एक गाव होते. एका वर्षी तळे काठोकाठ भरले आणि बांधातून पाणी सोडायच्या मोरीचे दार उघडेना. दाराची लोखंडी साखळी गंजून अडकली होती. ती तोडली तरच पाण्याला वाट मिळणार होती. नाहीतर बांध फुटून गाव वाहून जाणार होते.

गावात लोहार एकच. त्याची भट्टी ओढ्याकाठी होती आणि पुराने त्याची लहान हत्यारे सगळी नेली होती. ऐरण, भाता आणि घण तेवढे उरले.

लोहाराने बैलगाडीच्या चाकाची मोडकी लोखंडी धाव उचलली आणि तिच्या पट्ट्यांची सांडशी केली. मग मोडक्या पहारेचा तुकडा त्या सांडशीत धरून तो छिन्नी घडवू लागला. लोहारीण घण घालत होती.

इतक्यात पाटील ओरडत आले. "अरे, बांध पाझरतोय! छिन्नी चांगली कडक कर. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी पाज!"

पाणी पाजायचे म्हणजे लालभडक लोखंड पाण्यात बुडवून कडक करायचे. छिन्नीची फक्त धार बुडवतात, घण पडतो ते डोके मऊ ठेवतात, नाहीतर ते ठिसूळ होते, हे लोहाराला ठाऊक होते. पण तो घाबरला. त्याने सगळी छिन्नी बुडवली.

"अहो, डोकं कशाला बुडवलंत?" लोहारीण म्हणाली.

"कडक असलेली बरी. तू चल आधी."

मोरीपाशी त्याने छिन्नी साखळीवर धरली. तिने घण घातला. पहिल्याच घावाला छिन्नीचे डोके फुटले आणि एक ठिकरी पाटलांच्या पागोट्याला भोक पाडून गेली.

"पाटील, आता काय सांगायचं ते लांबून सांगा," लोहारीण म्हणाली.

दोघे भट्टीकडे धावले. उरलेल्या पहारेची दुसरी छिन्नी घडली. या वेळी लोहाराने फक्त धार पाण्यात धरली, मागची ऊब हळूहळू धारेत उतरू दिली आणि डोके मऊच ठेवले. पाटील लांब उभे राहून हात चोळत होते.

घाव पडत गेले. छिन्नीचे डोके चेपले, कडेने दुमडले, पण फुटले नाही. अखेर साखळी तुटली, दार उघडले.

गाव वाचले. पण मधल्या वेळात बांधाचा एक कोपरा ढासळून खालचे उभे पीक बुडाले होते. त्यात लोहाराचेही शेत होते.

तात्पर्य: ज्याला घाव सोसायचे आहेत, त्याने आपले डोके कडक होऊ देऊ नये.