दुसरी बाही

“...आणि मी समितीसमोर गेलेच नाही तर, सर?”

“तर नोंदणी रद्द,” परचुरे सर म्हणाले. “धडगावची गाडी धरायची.”

धडगावकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून विद्यापीठात संशोधनाला आलेली सेवंती वळवी ही पहिलीच. रसायनशास्त्राच्या या प्रयोगशाळेतलीही पहिलीच मुलगी. तिकडे पाड्यावर शाळेतल्या पोरी म्हणत होत्या, ताई, तू टिकलीस तर आम्हीही येऊ.

सरांकडे एक रीत होती. नव्या शिष्याने जुना पांढरा कोट घालायचा. तो सरांच्या गुरूंचा. मग सरांनी घातला, पुढे त्यांच्या एकेका विद्यार्थ्याने. सगळे शहरातले, उंचेपुरे.

सेवंतीच्या तो पोटऱ्यांपर्यंत यायचा. बाह्यांत हात दिसायचेच नाहीत.

“अरे बघा, कोट एकटाच चाललाय!” प्रयोगशाळेतला निनाद ओरडायचा. सगळे हसायचे. तीही हसायची, खाली बघून.

गेल्या खेपेला समितीसमोर याच कोटात तिच्या हातून बीकर निसटला होता. कित्येक महिन्यांचं काम फरशीवर सांडलं होतं.

“फार थरथरतात हो हिचे हात,” समितीतले एक साहेब हळूच म्हणाले होते. तिने ऐकलं होतं.

आज पुन्हा तसंच झालं तर...

“हात दाखव,” सर म्हणाले.

तिने बाही वर सारून हात पुढे केला. बोटं थरथरत होती.

सरांनी शेजारी आपला हात धरला. तो तिच्याहून जास्त थरथरत होता.

“सर... बरं नाही का तुम्हाला?”

“प्रयोगशाळेतल्या पहिल्या दिवसापासून असाच आहे.”

“मग तुमच्या हातून कधी काही पडलं कसं नाही?”

“मला हा कोट मापात होता,” सर म्हणाले. त्यांनी खणातून कात्री काढली, तिची उजवी बाही मनगटाशी चिमटीत धरली आणि कापायला लागले.

“सर, नको! तुमच्या गुरूंचा आहे हा...”

कापड जाड होतं. कात्री अडत अडत पुढे गेली. तुकडा खाली पडला. सर क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले.

जिन्यावर बुटांचे आवाज आले. समिती वर चढत होती.

“आता पुढच्याला आखूड होईल हा, सर,” सेवंती कुजबुजली. तिचा एक हात मोकळा होता. दुसरा अजून बाहीत बुडालेला.

सरांनी कात्री तिच्या मोकळ्या हातात ठेवली.

“दुसरी तू काप.”