फोटोतली सावळी मुलगी

खोटं बोल पण रेटून बोल, ही निशिगंध जाहिरात कंपनीची जुनीच रीत. विड्या खपवल्या, ताकदीची चूर्णं खपवली, पेपरात शिव्या खाल्ल्या, तरी खोड जाईना. गोरं करणाऱ्या क्रीमसाठी मालकांनी ‘आधी’ म्हणून आपल्याच सावळ्या टायपिस्टचा, मंदाकिनीचा फोटो छापला आणि ‘नंतर’ म्हणून भलत्याच गोऱ्या मुलीचा. या दोन वेगळ्याच मुली आहेत अशी ओरड झाली, पत्रकार ऑफिसात आले.

“नोकरी हवी ना? मग गप्प बस,” मंदाकिनीला दटावून मालकांनी गोरीला पुढे केलं. “हीच ती आमची टायपिस्ट मंदाकिनी! महिन्यात उजळली.”

मंदाकिनीला राहवेना. “रंग उजळला साहेब, पण बोटं तर माझीच ना? बसवा की हिला टाइपरायटरवर!”

गोरी त्या यंत्राकडे विंचू बघावा तशी बघत राहिली.

जाहिरात गेली, पाठोपाठ मंदाकिनीची नोकरीही. घरी आई डोळे पुसत म्हणाली, “जिंकलीस गं बाई. पण गप्प राहिली असतीस, तर चार लोकांत गोरी तरी ठरली असतीस!”