खिरीतला मासा

"…पण बुवा, या माणसांपासून हे पक्षी वाचवायचे तरी कसे?"

अंतूबुवा शेंगा फोडत होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि टरफल बाजूला ठेवलं.

"बुवा, मी काहीतरी विचारलं."

"हं."

"मग?"

…

"शेंगा खवट निघाल्या," बुवा म्हणाले आणि पुढची फोडली.

निरंजनने कपाळावर हात मारला.

तळेवाडीच्या तळ्याकाठी बुवांचा मठ होता. मठ म्हणजे एक खोली, एक ओटा आणि एक चिंच. तिन्हींत चिंच सगळ्यांत मोठी. पावसाळा लागला की तिच्यावर बगळे आणि ढोकऱ्या घरटी करायच्या. ढोकरी म्हणजे बसली की मातीच्या रंगाची आणि उडाली की पांढरीशुभ्र. श्रावणापर्यंत फांदीफांदीवर पिल्लं होत. मग दिवसभर वरून कलकलाट आणि खाली पांढरा सडा.

निरंजन शहरातली नोकरी सोडून मठात आला होता. बुवांकडून शांत बसायला शिकायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण आल्या आल्या त्याला ती घरटी दिसली आणि तो आधी बाकीच्यांनाच शांत बसवायला लागला.

त्याने चिंचेभोवती दोरी बांधली. दोरीला पाटी लावली: 'पक्ष्यांची जागा. आत येऊ नये. बोलू नये.' गळ्यात दुर्बीण आणि दुर्बिणीशेजारी शिट्टी. कुणी दोरीजवळ आलं की शिट्टी. कुणी हाक मारली की शिट्टी. एकदा बुवांना शिंक आली, तेव्हाही त्याने शिट्टी ओठांपर्यंत नेली होती.

गावाने त्याचं नाव शिट्टीसाहेब ठेवलं. पक्ष्यांकडे आधी फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. आता सगळ्यांचं होतं, आणि ते चांगलं नव्हतं.

"उद्या भंडारा आहे, बुवा," निरंजन म्हणाला. "सगळं गाव इथे येणार. तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

बुवांनी शेंगांची टोपली त्याच्यापुढे सरकवली.

तेवढ्यात दोरीखालून वाकून जालिंदर आचारी आत आला. माणूस आडवातिडवा, गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर उपरणं. पंचक्रोशीतल्या लग्नांचा स्वयंपाक त्याच्या हातचा. त्याच्या हातातल्या पिशवीतून सुतळी बॉम्बच्या वाती बाहेर डोकावत होत्या.

निरंजन उठून उभा राहिला. "हे काय आणलंय?"

"डोळ्याला लावा की ती नळी," जालिंदर म्हणाला. "बॉम्ब हायत. बुवा, परवानगी द्या. चार वाजवतो. हे समदं बिऱ्हाड उठून जाईल, मग उद्या चूल पेटवतो."

"अहो, वर पिल्लं आहेत! त्यांना उडता येत नाही. एक आवाज झाला की पटापट खाली पडतील. सगळी मरतील!"

"आणि मी मेलो त्याचं काय?"

…

तो का मेला, हे सगळ्या तळेवाडीला माहीत होतं. भंडाऱ्याची चूल चिंचेखालीच. मठाच्या पहिल्या बुवांनी स्वतः खणलेली. ती हलवायची नाही, अशी रीत. गेल्या श्रावणात त्या चुलीवर जालिंदरने गव्हाची खीर चढवली होती. वास असा सुटला होता की पलीकडच्या काठावरची माणसं अंघोळ अर्धी टाकून आली. पहिली पंगत बसली. जालिंदरने डाव बुडवला, वर काढला…

डावात मासा होता.

श्रावणात. मठात. माळकऱ्याच्या खिरीत.

"वर्षभर लोक विचारत्यात," जालिंदर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "आचारी, खीर कशाची? गव्हाची का बोंबलाची? सुनेच्या माहेरी कळलं. लग्नाच्या तीन सुपाऱ्या गेल्या. मांडवात पाय ठेवला की पोरं डाव वर करून बघत्यात, बुवा!"

"तो अख्खा मासा नव्हता," निरंजन म्हणाला. त्याला चुकीची माहिती सहन होत नसे. "ढोकरी पिल्लांना भरवते तेव्हा पोटातला अर्धवट पचलेला…"

"म्हंजे ते आणखीनच वंगाळ की!"

तळ्याच्या पायरीवर भागूबाई धुणं धूत होती. ती एवढी हसली की तिच्या हातातलं धोपटणं पाण्यात पडलं.

जालिंदरने पिशवीतून एक बॉम्ब काढला. "काडेपेटी कुठं गेली…"

"ठेवा तो खाली!"

"नाही ठेवत."

"मी शेवटचं सांगतोय!"

"सांगा की. रोज सांगताच."

निरंजनने छाती भरून श्वास घेतला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून शिट्टी फुंकली.

अख्खी चिंच उडाली. बगळे, ढोकऱ्या, सगळे एकदम वर गेले. पंखांची फडफड, काटक्यांचा पाऊस, आणि त्या काटक्यांबरोबर धप्प करून काहीतरी खाली आलं.

…

ते ढोकरीचं पिल्लू होतं. अंगावर धड पिसं नव्हती. डोक्यावर विस्कटलेली लव. पोट मोठं, चोच त्याहून मोठी आणि नजर अशी, की जणू या दोघांनीच त्याला ढकललं होतं.

निरंजनच्या तोंडातून शिट्टी गळून पडली.

"हात लावू नका!" तो कसाबसा म्हणाला. "कुणीही हात लावू नका. मला माहीत आहे काय करायचं. मी…"

बुवा ओट्यावरून उतरले. त्यांनी पिल्लू अलगद उचललं. निरंजनने दोन्ही हात पुढे केले. बुवा त्याच्या शेजारून गेले आणि जालिंदरपुढे उभे राहिले.

"जरा धर," ते म्हणाले. "आलो हात धुऊन."

आता तळेवाडीत अशी सवय, की बुवांनी काही पुढे केलं की माणसाची ओंजळ आपोआप पुढे होते. प्रसाद घ्यायची ती सवय. जालिंदरचीही ओंजळ पुढे झाली. बॉम्ब खाली पडला, पिशवी खाली पडली, आणि ओंजळीत पिल्लू आलं.

बुवांच्या हातचं खाली ठेवत नाहीत. दुसऱ्याच्या हातातही देत नाहीत. ही पण सवय.

"बुवा! अहो बुवा! ह्याचं काय करू?"

बुवा पायऱ्या उतरत होते. हात धुवायला म्हणून ते घोटाभर पाण्यात गेले. मग कमरेएवढ्या. मग गळ्याएवढ्या. मग निवांत पोहायला लागले.

"द्या माझ्याकडे," निरंजन म्हणाला.

"बुवांनी मला धरायला सांगितलंय."

"तुम्हाला त्यातलं काही कळत नाही!"

"धरायचं कळतं."

पिल्लाने मान लांब केली, जालिंदरकडे पाहिलं आणि त्याच्या सदऱ्यावर ओकलं.

जालिंदर सदऱ्याकडे बघत राहिला. मग त्याने वास घेतला.

"ह्योच!" तो ओरडला. "भागूबाई, ह्योच वास! खिरीत ह्योच होता!"

"मग ओळख निघाली की तुमची, भाऊजी," भागूबाई म्हणाली.

पिल्लू थरथरायला लागलं. जालिंदरने नकळत ओंजळ छातीशी घेतली. "कापतंय ओ हे."

"घाबरलंय आणि पोट रिकामं झालंय," निरंजन म्हणाला. "त्याला मासे लागतील. बारीक, ताजे. तुमच्याकडून नाही व्हायचं ते. इकडे द्या."

भागूबाईने पदर पाण्यात धरला, दोनदा हलवला आणि चार बारीक मासे घेऊन वर आली.

जालिंदर मागे सरकला. "श्रावण हाय. माळ हाय गळ्यात."

"तुम्हाला कुठं खायचाय? खाणारं ते हाय."

त्याने डोळे गच्च मिटले, तोंड पार पलीकडे फिरवलं आणि दोन बोटांत मासा धरून पुढे केला. पिल्लाने मासा घेतला, बोटांसकट.

"आयायाई…!" जालिंदर म्हणाला. मग एक डोळा उघडून म्हणाला, "भूक हाय की रं लेकाला."

दुसरा मासा देताना त्याने तोंड फिरवलं नाही. तिसरा देताना तो म्हणाला, "सावकाश. पंगत उठत नाही इतक्यात." चौथा गिळून पिल्लाने मान टेकवली आणि ते त्याच्या मनगटावर झोपलं.

आपल्या हातचं पोटभर खाऊन जो झोपतो, त्याच्यावर आचाऱ्याला कसं रागवता येणार?

रस्त्यावरून एक मोटरसायकल हॉर्न वाजवत गेली.

"ए!" जालिंदर गरजला. "हळू जा की! लेकरू निजलंय हितं!"

"मी हेच तर इतके दिवस…" निरंजन म्हणाला.

"तुम्ही पण हळू बोला."

…

पिल्लाला झाडावरच ठेवायला हवं होतं. टोपलीत घालून फांदीला बांधलं तर आई येऊन भरवते, हे निरंजनला माहीत होतं आणि त्याने ते सांगितलं. बुवांची शेंगांची टोपली रिकामी केली. जालिंदरने तीत आपलं उपरणं पसरलं. बांधायला दोरी हवी होती. जवळ एकच दोरी होती. निरंजन तिच्याकडे पाहत राहिला, मग त्याने स्वतःच तिची गाठ सोडली. पाटी चिखलात पडली.

आता चढायचं कुणी? जालिंदर पिल्लू सोडायला तयार नव्हता. शेवटी निरंजन वाकून उभा राहिला आणि पंचक्रोशीतला सर्वांत जड आचारी त्याच्या खांद्यावर पाय देऊन चढला.

"हलू नका," जालिंदर वरून म्हणाला.

"लवकर… करा…" निरंजन खालून म्हणाला.

टोपली बांधली गेली. जालिंदर खाली आला तेव्हा त्याचं लक्ष पिशवीकडे गेलं. त्याने ती उचलली आणि भागूबाईच्या धुण्याच्या बादलीत बुडवली.

"अगं बाई! माझं पातळ हाय त्यात!"

बॉम्बमधली दारू पाण्यात उतरली. पांढऱ्या पातळावर राखाडी डाग पडले. भागूबाईने ते पिळलं, उलगडलं, डोळ्यांपुढे धरलं.

"झालं. नेसायचं गेलं हे." तिने वर फांदीकडे पाहिलं, मग चुलीकडे. "भाऊजी, आता खिरीवर तरी बांधा. वरचं वर राहील."

जालिंदर त्या पातळाकडे पाहत राहिला. निरंजनही पाहत राहिला.

इतके दिवस तो झाडाखाली बसला होता. एक फडकं बांधावं, हे त्याला सुचलं नव्हतं.

"एवढ्यानं नाही भागायचं," जालिंदर म्हणाला. "पंगतीवर पण पाहिजे. घराघरांतून मागा. सांगा, आचाऱ्यानं मागितलंय."

बुवा पाण्यातून बाहेर आले, तेव्हा ओट्यावर कुणी नव्हतं. शेंगा जमिनीवर होत्या. बुवांनी एक उचलली, खाल्ली आणि तोंड वाकडं केलं.

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली मांडव उभा होता. नऊवारी लुगडी, धोतरं, एक सतरंजी, कुणाच्या तरी खिडकीचा पडदा. दर थोड्या वेळाने वर टप्प व्हायचं. मग सगळी पंगत मान वर करून बघायची आणि हसायची.

"आचारी, ह्यो कुठला मासा?"

"तुमचं तुम्ही जेवा," जालिंदर म्हणायचा. "पोरांची पंगत वर बसलीय. त्यांना पण जेवू द्या."

खीर झकास झाली होती. जालिंदर डाव हातात घेऊन पानापानापाशी थांबत होता आणि पिल्लाची गोष्ट सांगत होता. प्रत्येक पानापाशी पिल्लू जास्त उंचावरून पडत होतं. पंगतीच्या टोकाला पोचेपर्यंत ते आभाळातून पडलं होतं. माणसं जेवून उठत आणि टोपलीखाली उभं राहून हळू आवाजात बोलत. कुणी पोराला खांद्यावर घेऊन दाखवत होतं. एका म्हातारीने पुढच्या वर्षीसाठी आपलं लुगडं आताच बोलून ठेवलं.

टोपलीच्या काठावर एक ढोकरी येऊन बसली. सगळी पंगत गप्प झाली. कुणी शिट्टी वाजवली नव्हती.

निरंजन ओट्याच्या कोपऱ्यात बुवांशेजारी बसला होता. त्याचे खांदे दुखत होते. त्याची खीर तशीच होती.

"बुवा, तो त्या पिल्लाला बगळा म्हणतोय."

"हं."

"ढोकरी आहे ती. आणि हंसाच्या कुळातली आहे, असंही सांगत होता. काहीही सांगतोय. लोकांना खरं वाटतंय!"

…

"मी इथे ऊन बघितलं नाही, पाऊस बघितला नाही. आणि आज सगळे त्यालाच विचारतायत, तुमचं पिल्लू कसं आहे म्हणून. तुमचं!"

बुवा वाटीच्या तळाची खीर बोटाने गोळा करत होते.

निरंजनने खिरीची वाटी बाजूला सारली. मग हळूच म्हणाला, "एकच सांगा. पिल्लू पडलं, तेव्हा मी तुमच्या शेजारी उभा होतो. हात पुढे केले होते. तरी तुम्ही ते माझ्याकडे दिलं नाहीत." त्याचे डोळे भरून आले. "मी त्याला नक्की वाचवलं असतं, बुवा."

बुवांनी बोट चाटलं.

"वाचवलं असतंस," ते म्हणाले. "म्हणूनच नाही दिलं."