धाकट्या दगडाचा मान

वेर्बोव्का गावाच्या ज्यू दफनभूमीत, नदीकडील भिंतीलगत, दोन दगड शेजारी उभे आहेत. एक पुरुषभर उंच, दुसरा जेमतेम गुडघ्याएवढा. थडग्यावर फुलाऐवजी खडा ठेवण्याची त्या लोकांची रीत आहे. पाहुणा खडा घेऊन उंच दगडाकडे वळला, की दफनभूमीची देखभाल करणारे वृद्ध बोरुख त्याला अडवतात.

"आधी धाकट्या दगडाला. घराण्याचा मूळपुरुष तो."

मग ते हकिकत सांगतात.

पूर्वी त्या मुलखातील ज्यूंना आडनावे नसत. अमका तमक्याचा मुलगा, एवढ्यावर भागे. पुढे झारचा हुकूम निघाला, की प्रत्येकाने कायमचे आडनाव घ्यावे. बापाच्या नावाला 'विच' जोडले, की रशियन रीतीने 'त्याचा पुत्र' असा अर्थ होई. पुष्कळांनी तेच केले.

त्याच हिवाळ्यात मेंडेल नावाड्याचा सात वर्षांचा इत्सिक नदीवरचा बर्फ फुटून बुडाला होता. मेंडेल रडला नाही, असे सांगतात. बर्फ वितळताच त्याने त्याच पाण्यात नाव घातली. वल्ह्याने तळहात सोलला, तरी त्याला ते रक्त दिसल्यावरच कळे, म्हणे. एवढेच त्याच्या मनात उरले होते, की इत्सिकच्या मागे मूल नाही. त्याचे नाव आता कोणी लावणार नाही.

आडनाव नोंदवण्याच्या रांगेत त्याची पाळी आली. अधिकाऱ्याने मान वर न करता विचारले, "बापाचे नाव?"

मेंडेलच्या बापाचे नाव झालमन. साऱ्या गावाला ते ठाऊक होते. खोटे बोलणाऱ्यास फटक्यांची सजा होती.

"इत्सिक," मेंडेल म्हणाला.

मागची कुजबुज थांबली. अधिकाऱ्याला संशय आला. रांगेत मागे लेब मोची उभा होता, त्याला त्याने विचारले, "तू ओळखतोस या इत्सिकला?"

"ओळखत होतो, हुजूर. फार बोलत असत. त्यांचे शेवटचे बूट मीच शिवले."

त्या पोराला तोवर कोणी अहोजाहो केले नव्हते.

कागदावर नोंद झाली: मेंडेल इत्स्कोविच, म्हणजे इत्सिकचा पुत्र. लेबला नावेत बसवून मेंडेलने पैलतीरी सोडले आणि भाडे न घेताच नाव परत वळवली. पुढे त्याला आणखी मुले झाली. तीही इत्स्कोविच, आणि त्यांची मुलेही. मेंडेललाही शेवटी इत्सिकशेजारीच पुरले; उंच दगड त्याचा.

आजही दूरदूरच्या शहरांतून इत्स्कोविच तेथे येतात. पिकल्या केसांची माणसे गुडघ्याएवढ्या दगडासमोर कशीबशी वाकतात, त्यावर खडा ठेवतात, आणि त्याला आजोबा म्हणतात.