धारप सरांचे महिरपी कंस

शाळकरी मुलांना मराठीतून प्रोग्रॅम लिहिता यावेत, म्हणून नाशिकची एक कंपनी नवी संगणकभाषा घडवत होती. कंपनीचे प्रमुख धारप सर कंसांचे भारी भक्त. त्यांनी फर्मावलं, "'जर' या अटीखालच्या सूचना महिरपी कंसांत हव्यातच! नाहीतर कुठली सूचना कुणाची, हे कळणार कसं?"

भाषा घडवणाऱ्या चमूतली शाल्मली कोठावळे म्हणाली, "सूचना थोडी आत सरकवून लिहिली की कळतंच, सर. चिमुरड्यांना कंसांचं ओझं कशाला? ज्याला हवेत त्याने द्यावेत."

"तीस वर्षं कंस वाचतोय मी!"

"मग एक प्रोग्रॅम वाचून दाखवा. चुकलात, तर कंस ऐच्छिक."

सगळं ऑफिस गोळा झालं. शाल्मलीने पडद्यावर तीन ओळी दाखवल्या:

जर टाकी भरली {
    पंप बंद कर }
    घंटा वाजव

सरांनी सवयीने बोटावर कंस मोजले. "एक उघडला, एक मिटला. छान! टाकी भरली की पंप बंद होणार आणि घंटा वाजणार."

शाल्मलीने टाकी रिकामी ठेवून प्रोग्रॅम चालवला. घंटा खणखणू लागली.

"कंस पंपापाशीच मिटलाय, सर. घंटा त्याच्या बाहेर आहे. मी ती फक्त आत सरकवली."

"ही शुद्ध फसवणूक आहे!"

"तुमचे कंस तर जागच्या जागी होते. तरी तुम्ही वाचलीत ती माझी मोकळी जागा. मुलंही तीच वाचणार, मग यंत्रानेही तीच वाचावी."

ऑफिसात हशा पिकला. घंटा वाजतच होती.

"आधी ती घंटा बंद कर," सर पुटपुटले, "आणि मग कंसांची सक्तीही."