दिलेला कोट

"दिलेली वस्तू परत मागता येते का, फादर? तेवढंच सांगा."

इनास रुमाव मास्तर फादरांच्या ओट्यावर उभा होता. हातात दुकानातली करकरीत पिशवी.

फादर बस्त्याव खुर्चीत बसले होते. पाय घमेल्यातल्या कढत पाण्यात. आज मृतांचा दिवस. सकाळपासून ते दफनभूमीत कबरीकबरीवर पवित्र पाणी शिंपडत फिरले होते. आपल्या माणसाच्या कबरीवर चार थेंब जास्त पडावेत, असं प्रत्येकालाच वाटतं, आणि फादरांना कुणाला नाही म्हणता येत नाही. आता त्यांचे गुडघे बोलत होते.

"कुठली वस्तू?"

"बाबांचा कोट."

फादरांनी डोळे मिटले. कोट त्यांना आठवला. काळा, जाड कापडाचा. सणासुदीला चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला पहिल्या बाकावर दिसायचा.

म्हातारे पावलू रुमाव गेल्या वर्षी वारले. गावच्या रिवाजाप्रमाणे इनासने गोरगरिबांना जेवण घातलं आणि बापाचे सणाचे कपडे त्यांच्यातल्या एकाला दिले. घेणाऱ्याने जेवणाआधी मृताच्या नावाने 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणायची, एवढंच. कोट कैतानच्या वाट्याला आला. कैतान म्हणजे बाजारामागे राहणारा, ना घर ना दार असा एक म्हातारा.

"उद्या बाबांची वर्षाची मिस्सा," इनास म्हणाला. "आत्या येणार, मुंबईचे पाहुणे येणार. आणि हा कैतान बाबांचा कोट घालून सगळ्यांसमोर बसणार. मासळी बाजारात झोपतो तो त्यात, फादर! काल बघितलं, बाहीला खवले चिकटलेले. माझ्या बापाच्या बाहीला!"

"मग?"

"त्याला नवे कपडे आणलेत. शर्ट, पँट, स्वेटरसुद्धा. बदल्यात देतो. मी मागितलं तर तमाशा होईल. तुमचा शब्द तो मोडणार नाही."

फादरांनी पाण्यात पाय हलवला. पाणी कोमट झालं होतं.

"कोट दिलास कशासाठी?"

मास्तर जरा ताठ झाला. रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग तोच घ्यायचा, आणि असल्या प्रश्नांची उत्तरं त्याच्या जिभेवर तयार असायची.

"दानाने आणि प्रार्थनेने शुद्धिस्थानातल्या आत्म्यांना साहाय्य होतं. मीच मुलांना शिकवतो."

"बरोबर शिकवतोस."

"मग…"

"कोट कोणाचा?"

"बाबांचा."

"आत्ता कोणाचा?"

"…बाबांचाच की."

"हं," फादर म्हणाले. "म्हणजे द्यायचा राहिलाय."

इनासला राग आला. फादरांवर रागावता येत नाही, म्हणून त्याने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"कोड्यात बोलू नका, फादर. वर्षभर मी काय कमी केलं? मिस्सा केल्या, जेवण घातलं, कबर बांधली. पण बाबांसाठी प्रार्थनेला बसलो की शब्द घशातच अडकतो. ते शुद्धिस्थानातून सुटले की नाही, कळतच नाही. तुम्ही तरी सांगा."

"मला कुठे कळतं रे…" फादर म्हणाले. "जन्मभर मेलेल्यांची नावं वाचतोय. एकाचंही उत्तर आलेलं नाही."

ते इतक्या थकलेल्या आवाजात म्हणाले की इनासला पुढे विचारवेना.

पायरीवर खोकला ऐकू आला. कैतान. रोज दिवेलागणीला तो फादरांकडे पेज प्यायला यायचा. अंगात तोच कोट होता, आणि जवळ आल्यावर मासळीचा वासही आला.

"कैतान," फादर म्हणाले, "या मास्तरला तुझा कोट हवाय. बदल्यात नवे कपडे देतोय. बघ, तुझी मर्जी."

कैतानने पिशवीत हात घातला. स्वेटर चाचपला. नाकाशी धरला.

"घेऊन जा," तो म्हणाला. "मला तरी कुठे धड होतोय."

इतक्या सहज काम होईल, असं इनासला वाटलं नव्हतं. मनातल्या मनात त्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

कैतान कोट काढायला लागला. एक बाही निघाली. दुसरा हात अर्ध्यावर अडकला. म्हातारा कोपर वाकडा करून ओट्यावर धडपडू लागला.

"अहो मास्तर, धरा की जरा!"

इनासने पिशवी खाली ठेवली. बाही धरली. आत म्हाताऱ्याचा हात काडीसारखा लागत होता. हळूहळू ओढत त्याने तो सोडवला.

"काखेत काचतो मेला," कैतान खांदा चोळत म्हणाला. "हात वर जात नाही. क्रुसाची खूण करायची तर कपाळापर्यंत हात नेताना जीव जातो."

इनासच्या हातात कोट तसाच राहिला. अजून गरम होता.

कैतान स्वेटर घालून पायरीवर बसला आणि त्याने तिथे झाकून ठेवलेल्या पेजेच्या ताटलीला तोंड लावलं. सुरकन आवाज झाला.

"बाबापण…" इनास म्हणाला आणि थांबला.



"बाबापण हेच म्हणायचे. इनास, कोट काखेत काचतो रे, शिंप्याकडे टाक. दर सणाला म्हणायचे. मी म्हणायचो, या वयात तुम्हाला कोण बघतंय? मग चर्चमध्ये शिरताना त्यांचा हात कपाळाकडे निघायचा आणि मध्येच अडकायचा. मागे माणसं खोळंबायची. मला लाज वाटायची, फादर. मी त्यांना सोडून पुढे जाऊन बसायचो."

…

"शेवटच्या सणाला त्यांनी क्रुसाची खूण केलीच नाही. नुसती मान खाली घातली. मी घरी आल्यावर त्यांच्यावरच ओरडलो… म्हणालो, आता देवालाही विसरलात का?"

तो रडत होता. गावात मोठा मान असलेला माणूस, खवले चिकटलेल्या कोटात तोंड खुपसून रडत होता. कैतानने एकदा वर बघितलं आणि पुन्हा ताटलीत मान घातली.

 फादरांनी एक पाय पाण्यातून काढला, पुसला. मग दुसरा. खाली वाकताना त्यांच्या तोंडून बारीक कण्हणं बाहेर पडलं.

"फादर," इनास शेवटी म्हणाला, "उद्या मिस्साला बाबांसाठी काय मागू?"

फादरांनी रस्त्याकडे पाहिलं. बाजारातले दिवे नुकते लागले होते.

"शिंप्याचं दुकान अजून उघडं असेल," ते म्हणाले. "कैतानची पेज होऊ दे. मग त्याला बरोबर घेऊन जा. काखेचं माप लागेल."